सी. एस. लुइस यांची प्रार्थना

सी. एस. लुइस यांनी किशोरवयात ख्रिस्ती श्रद्धा सोडली आणि तिशीच्या सुमारास ती पुन्हा धरली. ‘नार्निया’च्या सात कादंबऱ्यांमुळे जगभर ठाऊक झालेल्या या लेखकाने ही हकिगत १९५५ साली ‘सरप्राइझ्ड बाय जॉय’ या आत्मचरित्रात सांगितली. त्यात तात्त्विक वाद भरपूर आहेत. पण श्रद्धा कशी सुटली आणि कशी परतली, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते त्यांच्या प्रार्थनेत.

लुइस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी बेलफास्टमध्ये झाला. वडील वकील, आईचे वडील अँग्लिकन धर्मगुरू. घरात धर्म होता तो रिवाजापुरता: रविवारची उपासना, झोपताना प्रार्थना. १९०८ मध्ये आईला कॅन्सर झाला. विश्वासाने मागितले की मिळते, हे ऐकलेले असल्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाने सारा विश्वास एकवटून ती बरी व्हावी म्हणून प्रार्थना केली. ऑगस्टमध्ये आई गेली. श्रद्धा इथेच मोडली असे वाटणे साहजिक आहे, पण लुइस तसे सांगत नाहीत. तेव्हाचा त्यांचा देव एखाद्या जादूगारासारखा होता. त्याने यावे, काम करावे आणि निघून जावे. जादू चालली नाही, एवढेच त्यांनी मानले.

आई गेल्यानंतर काही आठवड्यांतच त्यांना इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेत पाठवले गेले. मुख्याध्यापक क्रूर होते. मुलांना बेदम मारत. लुइस खऱ्या अर्थाने प्रार्थना करू लागले, बायबल वाचू लागले ते मात्र याच शाळेत. म्हणजे हालअपेष्टांनी श्रद्धा गेली नाही, उलट धरली गेली.

ती गेली नंतरच्या एका, तुलनेने बऱ्या शाळेत, वयाच्या बाराव्या ते चौदाव्या वर्षांच्या दरम्यान. लुइस यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. प्रार्थनेतले प्रत्येक वाक्य डोळ्यांसमोर चित्र उभे राहून, मन भरून येऊन म्हटले गेले पाहिजे. प्रार्थना संपली की आतून प्रश्न यायचा, शब्दांकडे खरेच लक्ष होते का? नव्हते, असे वाटले की पुन्हा पहिल्यापासून. भाव येईना, झोपही येईना. रात्र जवळ आली की धास्ती वाटू लागली. त्याच सुमारास शाळेतल्या मेट्रनबाईंकडून थिऑसॉफी आणि भूतविद्येची ओळख झाली आणि ठाम श्रद्धेला सैल, धूसर पर्याय मिळाला. लॅटिन-ग्रीकच्या तासाला इतर सगळ्या देवकथा भ्रम म्हणून शिकवल्या जात. मग ख्रिस्ताचीच कथा तेवढी खरी कशी, याचे उत्तर कोणी देत नसे. श्रद्धा सोडली तेव्हा दुःखापेक्षा सुटकाच अधिक वाटली.

घरी हे कळले नाही. १९१४ च्या डिसेंबरात, वडिलांशी वाद नको म्हणून, विश्वास नसताना त्यांनी दृढीकरण, म्हणजे श्रद्धा जाहीरपणे पक्की करण्याचा चर्चमधला विधी, करून घेतले आणि प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारस, तेही घेतले. या ढोंगाची खंत त्यांना पुढे आयुष्यभर वाटली. पहिल्या महायुद्धात एकोणिसाव्या वाढदिवशी ते फ्रान्समधल्या खंदकांत पोहोचले आणि १९१८ मध्ये जखमी झाले. १९१९ च्या ‘स्पिरिट्स इन बाँडेज’ या पहिल्या कवितासंग्रहात देव नाकारलेलाही आहे आणि त्याच्यावर रागही काढलेला आहे.

प्रार्थना सुटली तरी लहानपणची एक हुरहूर मागे राहिली होती. थोरला भाऊ वॉरन याने बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात शेवाळ, काड्या आणि फुले मांडून एक इवलीशी बाग केली होती. ती पाहून लुइस यांना सौंदर्याची पहिली जाणीव झाली. पुढे तिची आठवण एकाएकी दाटून आली, तेव्हा ती हुरहूर प्रथम उमटली. नंतर नॉर्स पुराणकथा आणि वाग्नरचे संगीत यांतून ती मुद्दाम जागवण्याचा त्यांनी खटाटोप केला, पण तिच्यावर नजर रोखली की ती नाहीशी होई.

असे का होते, हे त्यांना १९२४ मध्ये तत्त्वज्ञ सॅम्युएल अलेक्झांडर यांच्या ग्रंथातून उमगले. चंद्र पाहणारा चंद्राकडे बघत असतो; ‘मी कसा बघतो आहे’ हे तपासू लागला की त्याचे चंद्रावरचे लक्ष उडते. हुरहुरीचेही तसेच. ती स्वतः ध्येय नव्हे, कशाची तरी ओढ. शाळेतल्या त्या मुलाची प्रार्थना बिघडली होती तीही याच कारणाने: लक्ष देवाकडे नव्हते, स्वतःच्या मनाच्या अवस्थेकडे होते.

ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात ते १९२५ पासून शिकवत होते. ही ओढ नेमकी कशाची, याचा माग काढता काढता तिथल्या खोलीत त्यांनी गुडघे टेकून देव मान्य केला. साल त्यांच्या आठवणीप्रमाणे १९२९, काही चरित्रकारांच्या मते १९३०. या क्षणी भावनेचा उमाळा नव्हता. ते अगदी नाइलाजाने शरण गेले होते. ख्रिस्तावर विश्वास अजून बसायचा होता. १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री कॉलेजच्या आवारात जे. आर. आर. टॉल्किन आणि ह्युगो डायसन या ख्रिस्ती मित्रांशी पहाटेपर्यंत बोलणे झाले. मरून पुन्हा उठणाऱ्या देवांच्या कथा लुइस यांना भावत. ख्रिस्ताची कथा तशीच आहे, फक्त ती प्रत्यक्ष घडली, असे त्या दोघांचे म्हणणे. शाळेतल्या अनुत्तरित प्रश्नाला इथे उत्तर मिळाले. काही दिवसांनी वॉरनच्या मोटरसायकलच्या साइडकारमधून व्हिप्स्नेड प्राणिसंग्रहालयाला पोहोचेपर्यंत त्यांचा विश्वास बसला होता. त्या नाताळात ते पुन्हा प्रभुभोजनाला गेले; त्याच दिवशी दूर शांघायमध्ये वॉरननेही बऱ्याच वर्षांनी ते घेतले.

लुइस २२ नोव्हेंबर १९६३ रोजी वारले. प्रार्थनेवरचे त्यांचे पुस्तक, ‘लेटर्स टू माल्कम’, १९६४ मध्ये निघाले. भाव दाटून न येता, मन तयार नसताना केलेली प्रार्थना देवाच्या लेखी कदाचित सर्वांत चांगली ठरत असेल, असे त्यांनी त्यात सुचवले आहे. लहानपणी स्वतःला घातलेला नियम त्यांनी असा मोडीत काढला.