स्टॅन्ले पार्कमधली दीपमाळ

लांबून मला ती दीपमाळच वाटली. व्हँकुव्हरचं स्टॅन्ले पार्क, चेरीची झाडं नुसती फुलून आलेली आणि त्यांच्यात फिकट दगडाचा एक उंच खांब. वर जपानी देवळात असतो तसा छोटा कंदील. संध्याकाळ उतरत होती आणि कंदिलात दिवा होता.

"आई, हा दिवा त्रेचाळीस वर्षं विझलेला होता," लेक म्हणाली.

पायथ्याशी दगडी पाकळ्या पसरल्या आहेत, कमळासारख्या. पाकळ्यांवर लढायांची नावं कोरलेली. चेरीची ओली फुलं अक्षरांच्या खाचांत अडकली होती. लेकीने ती बोटाने काढली. 'व्हिमी'. ही तर फ्रान्समधली टेकडी! तिथे जपानी माणसं कॅनडाकडून लढली? मला काही केल्या मेळ लागेना.

लढली, आणि त्यासाठी आधी झगडली. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, इथल्या जपानी तरुणांनी स्वखर्चाने कवायत सुरू केली. ब्रिटिश कोलंबियात त्यांना मताचा हक्क नव्हता. देशासाठी रक्त सांडलं तर तो मिळेल, ही आशा. सरकारने त्यांची तुकडी नाकारली. मग ही पोरं रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टात गेली. तिथल्या पलटणींना माणसं कमी पडत होती, त्यांनी घेतलं. एकूण २२२ जण गेले, ५४ परतले नाहीत. व्हिमीच्या लढाईला तीन वर्षं झाली त्या दिवशी, ९ एप्रिल १९२० ला, हे स्मारक उभं राहिलं.

मत मात्र लगेच मिळालं नाही. १९३१ साली प्रांताच्या विधिमंडळाने ते दिलं, तेही एका मताच्या फरकाने आणि फक्त या माजी सैनिकांना. त्यांच्या बायकामुलांना नाही. (आपल्या पंजाबी माणसांनाही या प्रांतात १९४७ पर्यंत मत नव्हतं.)

त्या सैनिकांतला एक मासुमी मित्सुई. हिल ७० च्या लढाईत शौर्याबद्दल त्याला मिलिटरी मेडल मिळालं होतं. परत येऊन त्याने पोर्ट कोक्विटलमला कोंबड्या पाळल्या, संसार केला. १९४२ मध्ये, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर, किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी वंशाच्या लोकांना हलवण्याचा हुकूम निघाला. बावीस हजारांच्या आसपास माणसं, त्यातली बहुतेक इथेच जन्मलेली किंवा इथलं नागरिकत्व घेतलेली. मित्सुईलाही बोलावणं आलं. त्याने आपली पदकं अधिकाऱ्यासमोर जमिनीवर फेकली आणि विचारलं, आता यांचा उपयोग काय? शेत गेलं, घर गेलं. त्याच वर्षी पार्कातला हा दिवा विझवला.

हे कळल्यावर मी बाकावर बसले. जिवंत माणसांवर संशय घेतला, हे एक वेळ समजेल. पण मेलेल्यांचा दिवा विझवायचा? ते ५४ जण कुणाचे शत्रू होते? माझा जीव कालवला.

आणि तरीही १९४५ मध्ये त्याच समाजातले सुमारे दीडशे तरुण पुन्हा कॅनडाच्या सैन्यात गेले. जपानी भाषेचे दुभाषे म्हणून त्यांना आग्नेय आशियात धाडलं, काही तर आपल्या हिंदुस्थानातही आले. घरच्यांना तेव्हा किनाऱ्यावर परतायला बंदी होती. ती उठली १ एप्रिल १९४९ ला. सरकारने जाहीर माफी मागायला १९८८ उजाडलं.

दिवा मात्र त्याआधी लागला. २ ऑगस्ट १९८५ ला तो लावायला बोलावलं मित्सुईलाच. वय सत्त्याण्णव. ज्याने पदकं फेकली, तो या खांबापाशी आला. काय चाललं असेल त्याच्या मनात? १९८७ साली तो गेला.

अंधार पडला तसा वरचा उजेड ठळक झाला. वाऱ्याने आणखी फुलं झडली आणि लेकीने मोकळी केलेली 'व्हिमी'ची अक्षरं पुन्हा झाकली गेली. या वेळी मी वाकले.