माझा आवडता खेळ : बुद्धिबळ

मला पुष्कळ खेळ आवडतात. पण सर्वांत जास्त बुद्धिबळ आवडते. आमच्या शाळेत दर शनिवारी गुरुजी बुद्धिबळ शिकवतात. शाळेत दोनच पट आहेत. एका पटातला काळा हत्ती हरवला आहे. त्याच्या जागी आम्ही चिंचोका ठेवतो.

पटावर ६४ घरे असतात. प्रत्येकाकडे १६ मोहरे असतात. हत्ती सरळ जातो, उंट तिरका जातो आणि घोडा अडीच घरे उडी मारतो. पहिल्या शनिवारी गुरुजींनी नुसती प्यादीच मांडली. ज्याचे प्यादे आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. मग दर शनिवारी एकेक मोहरा वाढवला. म्हणून लहान मुलांनाही खेळ समजला.

ज्या मोहऱ्याला हात लावला तोच चालवायचा, असा नियम आहे. मी फार घायकुता. एकदा माझा डाव तिसरीतल्या एका मुलीशी होता. तिला मीच शिकवले होते. मी मनात म्हटलं, ही काय जिंकणार! मी न बघता वजिराला हात लावला. मग दिसले की वजीर कुठेही हलवला तरी माझा राजा मरतो. मी पटकन हात मागे घेतला. तिने पाहिले नव्हते. ती चिंचोका सरळ करत होती.

माझ्या छातीत धडधडू लागले. शेवटी मीच म्हणालो, "माझा वजिराला हात लागला." ती म्हणाली, "मग चालव की." मी चालवला. तिचा चिंचोका सरळ आला आणि मात झाली. सगळी मुलं ओरडली, "चिंचोक्यानं मारला रे!" मला रडू आले. गुरुजी म्हणाले, "तू शिकवलेली मुलगी जिंकली, म्हणजे तू नीट शिकवलंस." मग मी डोळे पुसले.

आता विचार होईपर्यंत मी दोन्ही हात मांडीखाली ठेवतो. गणितातही आधी चिन्ह बघतो, मग उत्तर लिहितो. बुद्धिबळाने असा फायदा होतो.

नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हा त्या १९ वर्षांच्या होत्या. हे गुरुजींनी सांगितले तेव्हा ती तिसरीतली मुलगी म्हणाली, "मी पण जिंकणार." मी तिला म्हटलं, "आधी शनिवारी माझ्याशी खेळ."

मित्रांनो, तुम्हीही बुद्धिबळ शिका. आणि हरवलेला हत्ती कुणाला सापडला तर चौथीच्या वर्गात आणून द्या.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी