मार्चअखेर आणि मोहफूल

बेल्याच्या आसपासच्या रानात मोहाची फुलं गळायला लागतात, तेव्हा मंडल कार्यालयात मार्चअखेरची धावपळ चाललेली असते. पहाटे बायापोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. दुपारी त्यांतल्याच काही जणी गटाची वही, बँकेचं पासबुक आणि आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन कार्यालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या दिसतात. रानाचा हंगाम सुरू होतो आणि सरकारचं वर्ष संपतं, दोन्ही एकाच पंधरवड्यात. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो आणि फूल तर नुकतंच पडायला लागलेलं असतं. तेलंगणाच्या या सीमेवरच्या मंडलात अन्नाच्या आणि छोट्या धंद्यांच्या सरकारी योजनांचा मेळ घालायचं काम ज्याच्याकडे येतं, त्याची निम्मी शक्ती या दोन कॅलेंडरांची सांगड घालण्यात जाते.

बेला हे आदिलाबाद जिल्ह्यातलं पैनगंगेकाठचं मंडल. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, कोरपन्याचा रस्ता धरला की चंद्रपूर. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा आणि किनवटचा भाग मुंबई राज्यात गेला, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात आला, आणि मराठी बोलणारी गावं दोन्हीकडे राहिली. सोयरीक मात्र कुणी थांबवली नाही. झरी जामणीकडून सून होऊन आलेल्या मुलीच्या पिशवीत महाराष्ट्रातल्या ‘उमेद’ अभियानाच्या बचत गटाचं पासबुक असू शकतं, इथे तिला नव्याने तेलंगणाच्या ‘आयकेपी’ कार्यक्रमातल्या गटात नाव घालावं लागतं. आधारवरचा पत्ता बदलेपर्यंत तिची बचत एका राज्यात आणि चूल दुसऱ्या राज्यात. अर्ज तेलुगूत, बोलणं मराठीत, गोंड-कोलामांच्या गावांत गोंडी आणि कोलामी. एका बैठकीत या भाषांमधून ये-जा करता येणं ही इथल्या समन्वयकाची पहिली पात्रता, आणि ती कुठल्याही नेमणुकीच्या आदेशात लिहिलेली नसते.

योजनांची वाण मुळीच नाही. गावातल्या बायांचे गट, गटांची ग्रामसंघटना, तिच्यावर मंडल समाख्या आणि जिल्हा समाख्या ही उतरंड आंध्र प्रदेशात २००० साली स्थापन झालेल्या ‘सर्प’ या संस्थेने बांधली. तेलंगणा वेगळं झालं तरी ती तशीच चालू आहे. २०११ पासून ‘स्त्रीनिधी’ आहे, तातडीचं छोटं कर्ज देणारी गटांचीच पतसंस्था. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना २०२० च्या जूनमध्ये आली: यंत्रसामग्रीवर ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, आणि गटातल्या प्रत्येक सदस्येमागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. शेतकरी उत्पादक कंपन्यांची योजना त्याच वर्षीची. शिवाय मुद्रा कर्ज, उद्यम नोंदणी, अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी, आणि आदिवासींसाठी उटनूरची एकात्मिक आदिवासी विकास संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘आयटीडीए’. प्रत्येक योजनेला आपला विभाग, आपलं पोर्टल आणि आपली शेवटची तारीख आहे. ज्या बाईसाठी हे सगळं आहे तिला मात्र एकच घर, एकच शेत आणि एकच जून महिना आहे.

मोहफुलाच्या लाडवांची गोष्ट यासाठीच नीट समजून घ्यावी. उटनूरच्या भीमबाई आदिवासी महिला सहकारी संघातल्या बाया मोहफूल, गूळ, शेंगदाणे, तीळ घालून लाडू करतात. मोहफूल म्हटलं की बाहेरच्या माणसाला दारू आठवते. गोंड घरांमध्ये ते फार जुनं खाणं आहे. आयटीडीएने हे लाडू आदिवासी आश्रमशाळांमधल्या मुलामुलींना द्यायला घेतले, कारण रक्तक्षय हा इथला मोठा प्रश्न आहे. २०२५ च्या मार्चमध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये आदिलाबादच्या मोहफुलाच्या पदार्थांचा उल्लेख झाला आणि बाहेरची मागणीही वाढली. बातम्यांमध्ये या यशाचं श्रेय बायांच्या हाताला दिलं गेलं, ते योग्यच आहे. पण हातात कसब असलेल्या बाया तर गावोगाव आहेत. पापड, लोणची, तिखट करून कंटाळलेले गटही गावोगाव आहेत. उटनूरला वेगळं घडलं ते हे की पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. आश्रमशाळा लाडू घेणार, इतके घेणार, हे आधी ठरलं. बाकीचा धंदा त्या खुंटीवर उभा राहिला.

तरीही पैशाचा प्रवास पाहिला की कोणाच्याही लक्षात येईल की खुंटी पुरेशी नाही. फूल मार्च-एप्रिलमध्ये रोख पैसे देऊन घ्यावं लागतं. ते कडक उन्हात वाळवून, ओल लागणार नाही अशा जागी ठेवायचं, नाहीतर पावसाळ्यात बुरशी. पण एप्रिलच्या शेवटी शाळांना सुट्टी लागते आणि त्या उघडतात जूनच्या मध्यावर. लाडू तेव्हा जाणार, बिल त्यानंतर लागणार, आणि ते एकेका टेबलावरून सरकत पुढे जाणार. एप्रिलमध्ये घातलेला रुपया सप्टेंबरात परत आला तर बरं म्हणायचं. मधे येतो मृग. कपाशीचं बियाणं, सोयाबीनचं बियाणं, खताची पोती, सगळं त्याच महिन्यात. गटाच्या बचतीवर एकीकडून लाडवाचा हक्क आणि दुसरीकडून शेताचा. शेत जिंकतं, आणि जिंकायलाच हवं. ‘सर, बिल कवा येईन?’ हा प्रश्न व्हरांड्यात दर आठवड्याला ऐकू येतो. त्यामागे हा सगळा हिशेब असतो.

म्हणून या कामाचं खरं कसब लाडवाच्या पाककृतीत किंवा प्रशिक्षणाच्या बॅनरमध्ये शोधू नये. ते तारखांमध्ये आहे. शाळांकडून पुढच्या वर्षाची मागणी लेखी घ्यायची ती फेब्रुवारीत. ती हातात घेऊन स्त्रीनिधीचं कर्ज मार्चच्या शेवटी उचलायचं, म्हणजे फुलाचे पैसे रोख देता येतात आणि गटाची बचत जूनसाठी शाबूत राहते. साठवणुकीचं कपाट, पत्रा, जाड प्लास्टिकच्या थैल्या यांचा खर्च त्याच आर्थिक वर्षात बसवायचा, कारण तो निधी एप्रिलमध्ये नसतो. बिलाला लागणारा प्रत्येक कागद पहिला माल जायच्या आधी तयार ठेवायचा. ही कामं वाचायला रुक्ष वाटतील. पण एखादा गट दुसऱ्या वर्षी टिकला की नाही, ते यांच्यावर ठरतं.

असं मेळ घालण्याचं काम करणारा एक मराठी अधिकारी या जिल्ह्यात ऐंशी वर्षांपूर्वी होऊन गेला. सेतुमाधवराव पगडी महाराष्ट्राला इतिहासकार म्हणून माहीत आहेत. १९१० साली निलंग्यात जन्मलेले पगडी निजामाच्या मुलकी सेवेत असताना १९४० च्या दशकात आदिलाबादला आदिवासींसाठीचे विशेष अधिकारी होते. गोंड नेता कुमरम भीमच्या १९४० च्या उठावानंतर जागं झालेल्या सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना इथे आणलं होतं. मारलवाई या गोंड गावात बसून त्यांनी आखलेलं धोरण गावागावांत उतरवायचं काम पगडींसारख्यांच्या वाट्याला आलं. पगडी गोंडी शिकले, इतके की पुढे त्यांनी त्या भाषेचं व्याकरण लिहिलं. १९४९ पर्यंत जिल्ह्यात अकरा हजारांहून जास्त आदिवासी कुटुंबांच्या नावे सुमारे १ लाख ६० हजार एकर जमीन झाली. जंगल, महसूल आणि शिक्षण ही तिन्ही खाती एका गोंड शेतकऱ्याच्या बांधावर एकत्र आल्याशिवाय असा आकडा होत नाही. अन्नाचा प्रश्नही तिथेच सुरू होतो. नावावर जमीन नसेल तर बाकीच्या योजना अधांतरी.

त्याच काळात हायमेनडॉर्फ यांनी केसलापूरच्या नागोबा जत्रेत दरबार सुरू केला. पौष अमावस्येला मेसराम कुळाची पूजा होते, आणि त्या जत्रेच्या दिवसांतच कलेक्टर, आयटीडीएचे प्रकल्प अधिकारी आणि सगळ्या खात्यांचे प्रमुख एका मांडवात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. आजही. समन्वयाच्या असंख्य परिपत्रकांपेक्षा हा मांडव मला मोलाचा वाटतो. तिथे ‘हे आमच्या खात्याकडे येत नाही’ असं म्हणणाऱ्याच्या शेजारीच ते ज्याच्या खात्याकडे येतं तो बसलेला असतो. आणि तारीख लोकांच्या पंचांगातली आहे. ती मार्चअखेर पाहून ठरलेली नाही.

आता ज्वारी. आदिलाबादच्या काळ्या जमिनीचं आणि इथल्या माणसाचं हे मूळ धान्य. गोंड असो, कुणबी असो, घरात भाकरीच. १९८३ साली एन. टी. रामाराव सरकारने दोन रुपये किलो तांदूळ दिला. त्याने भूक हटवली, त्याबद्दल त्या योजनेचे आभारच मानायला हवेत. पण स्वस्त धान्याच्या दुकानातून चार दशकं तांदूळच येत राहिला, कपाशी-सोयाबीनला रोख भाव मिळत गेला, आणि ज्वारी ताटातून मागे सरली. तरी रब्बीत ती जिल्ह्यात पिकते आणि राज्याचा सहकारी पणन महासंघ, म्हणजे मार्कफेड, ती हमीभावाने विकतही घेतो. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये होता. शाळेच्या ताटात मात्र भात. २०२३ पासून सरकारी शाळांत नाचणीची जावा, म्हणजे पेज, आली, ती मुलांना चांगलीच आहे. पण ज्या जिल्ह्यात ज्वारी पिकते तिथे भरडधान्य म्हणून नाचणी बाहेरून येते, हे इथल्या समन्वयकाला खुपल्यावाचून राहत नाही.

अंगणवाडीचंही तेच. लहान मुलांचं ‘बालामृतम’ हैदराबादच्या नाचारमहून, तीनशे किलोमीटरवरून येतं. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत आणि शक्यतो गावसमूह, बचत गट, महिला मंडळं यांच्याकडून काम घ्यावं. नाचारमचा कारखाना ठेकेदाराचा नाही, सरकारी आहे, त्यामुळे आदेशाचा भंग होत नाही. पण केरळात कुडुंबश्रीच्या बायांचे गट गावोगावच्या छोट्या युनिटांत ‘अमृतम न्यूट्रिमिक्स’ बनवून अंगणवाड्यांना पुरवतात, तेव्हा काय शक्य आहे ते दिसतं. ब्राझीलने तर २००९ च्या कायद्यानेच शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के पैसा कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदीसाठी राखून ठेवला आणि आदिवासी समूहांना त्यात प्राधान्य दिलं. इतकं लांबही जायला नको. तेलंगणातच, झहीराबादजवळ पस्तापूरला, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायांनी १९९० च्या दशकात पडीक जमिनी कसायला कर्ज दिलं आणि परतफेड ज्वारीत घेतली. ती ज्वारी गावातच साठवून गावातल्याच गरीब घरांना स्वस्तात विकली. कोणतं घर जास्त गरजू, हेही बायांनीच ठरवलं.

बेल्यात हे कसं बसेल, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. चारशे मुलांची एक आश्रमशाळा धरा. आठवड्यातून एक जेवण ज्वारीचं, मुलामागे शंभर ग्रॅम. आठवड्याला ४० किलो, शाळेचे ३६ आठवडे धरले तर साडेचौदा क्विंटलांच्या आत. हमीभावाने पैसे होतात त्रेपन्न हजारांच्या आसपास. दोनेक एकरांचं पीक! शाळेच्या एकूण खर्चात ही रक्कम कुठे दिसणारही नाही.

अडचण ज्वारीची नाही, भाकरीची आहे. चारशे मुलांना भाकरी म्हणजे चार-पाचशे भाकऱ्या थापायच्या, त्याही गरम द्यायच्या. गावातल्या सरकारी शाळांत मध्यान्ह भोजन रांधणाऱ्या बायांना राज्यात महिन्याला ३,००० रुपये मानधन मिळतं, आणि किराण्याचे पैसे बहुतेकदा त्यांनाच आधी पदरचे घालावे लागतात. त्यांच्या अंगावर आणखी हे ओझं टाकणारी कुठलीही पोषण योजना अन्यायाची होईल. वाट आहे ती ज्वारीच्या रव्याची. रव्याचा उपमा मोठ्या पातेल्यात होतो, भातासारखाच. पटनचेरूच्या इक्रिसॅटने आयटीडीएबरोबर उटनूर भागात हेच केलं: ज्वारी आणि डाळींपासून पटकन शिजणारी तयार मिश्रणं, आणि ती बनवणाऱ्या आदिवासी बायांचीच सहकारी संस्था.

मग पोषणाची योजना आणि धंद्याची योजना एका यंत्रापाशी येऊन भेटतात. खडे काढायचं, रवा दळायचं, चाळायचं यंत्र समजा ३ लाखांत बसलं, तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अनुदान होतं १ लाख ५ हजार, गटाचा स्वतःचा वाटा १० टक्के म्हणजे ३० हजार, बाकीचं बँकेचं कर्ज. अन्नसुरक्षा नोंदणीला लहान उद्योगासाठी वर्षाला शंभर रुपये फी. उरलेल्या वेळात त्याच यंत्रावर गावची डाळ, गावचं दळण. आदिलाबादच्या पट्ट्यात कपाशीच्या ओळींत तूर असतेच, आणि ती बहुतेक बाहेर जाऊन डाळ होऊन परत येते.

यातला क्रम सांभाळणं समन्वयकाच्या हाती आहे. सहसा यंत्र आधी येतं, कारण अनुदानाचं उद्दिष्ट मार्चपूर्वी गाठायचं असतं. मग गिऱ्हाईक शोधलं जातं, आणि यंत्रावर धूळ बसते. म्हणून बेल्यात सुरुवात शाळेपासून आणि वसतिगृहापासून करावी लागेल. आधी मुख्याध्यापक आणि वसतिगृहाचे वॉर्डन यांच्याशी बोलणं. एका महिन्यात दोनदा ज्वारीचा उपमा करून मुलं ताटात किती टाकतात ते पाहणं. स्वयंपाकाच्या बायांना विचारणं की यात त्यांचा वेळ वाढला की कमी झाला. त्यानंतर मंडल समाख्येच्या बैठकीत ठराव, मग कृषी विस्तार अधिकाऱ्याकडून रब्बीत ज्वारी पेरणाऱ्यांची यादी, आणि सगळ्यात शेवटी बँक. पेरणी ऑक्टोबरात असते, तेव्हा शाळांची लेखी मागणी दसऱ्याच्या आत हवी.