जिन्याखालचा चहा

एखाद्यानें पुष्कळ वर्षें पुस्तकें शिकविलीं कीं त्याला वाटेल तें वाचतां येतें, अशी लोकांची समजूत होते. महाविद्यालयासमोरचें चहाचें दुकान रस्तारुंदींत गेलें, किटली बंद झाली, आणि चहाचें यंत्र निवडण्याचें काम प्राचार्यांनीं माझ्यावर सोंपविलें तें याच समजुतीनें. "माहितीपत्रकें इंग्रजींत आहेत, तुम्हीच पाहा," एवढेंच ते म्हणाले. तीस वर्षें कार्लाइलशीं झुंजलेल्या माणसास हें काम कठीण वाटावयास नको होतें.

कठीण होती ती जागा. प्राध्यापकांच्या खोलीच्या भिंती कपाटांनीं व्यापलेल्या; उरला होता जिन्याखालचा कोनाडा. रुंदी २४ इंच, दोन्ही बाजूंस भिंती, डोक्यावर उतरत्या पायऱ्या. मीं टेप घेऊन तो तीन वेळां मोजला. थंड पेयांच्या यंत्रांना आरंभींच रजा दिली. त्यांचा कॉम्प्रेसर आंतली उष्णता मागें फेकतो, आणि जिन्याखालीं ती वाहून नेणारा वारा कोठला? अखेर चार डब्यांचें एक यंत्र मनांत भरलें. चहा, मसाल्याचा चहा, कॉफी आणि टोमॅटोचें सार. रुंदी बरोबर २२ इंच! तें बसविलें त्या दिवशीं मीं सहकाऱ्यांना एक लहानसें व्याख्यानहि दिलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हीरोनें असेंच एक यंत्र वर्णिलें आहे. नाणें तरफेच्या टोकावर पडे, झडप उघडे, देवळांतलें पवित्र पाणी वाहूं लागे. नाणें घसरलें कीं झडप बंद. त्या तरफेची मीं मनसोक्त स्तुति केली. भांडें कोण घाशीत असेल, हा विचार मनाला शिवला नाहीं.

तीन आठवड्यांत चहाला आंबूस वास येऊं लागला. या यंत्रांत डब्यांतलें मळसूत्र थोडी भुकटी पुढें ढकलतें, ती एका वाटींत पडते, वरून गरम पाणी येतें आणि तळाची भिंगरी दोन्ही घुसळते. ती वाटी रोज धुतली नाहीं तर दुधाचा अंश तेथेंच नासतो; आणि वाफेला वाट मिळाली नाहीं तर भुकटीचे गोळे होतात. दुकानदाराचा माणूस दोनदां येऊन "स्वच्छता ठेवा" असें सांगून गेला. स्वच्छता ठेवणें हें मामांचें, म्हणजे आमच्या शिपायांचें, काम. मीं त्यांना चारचौघांत बोललों.

दोन दिवसांनीं विसरलेला चष्मा नेण्यासाठीं संध्याकाळीं परत आलों, तों मामा कोनाड्याशीं वांकडे उभे होते. यंत्राचें दार डावीकडे उघडणारें; भिंत त्याला अर्ध्यावर अडवी. नळ मागें जोडलेला, म्हणून यंत्र पुढें ओढण्याची सोय नाहीं. मामांनीं आपला दुखरा खांदा भिंतीशीं दाबून, त्या फटींतून कोपरापर्यंत हात घातला होता आणि न दिसणारी वाटी फडक्यानें चांचपून पुशीत होते.

"मामा, रोज असंच करतां?"

"रोजच, सर. दार उघडतच नाही ना. तुम्ही मापं घेतलीत ती यंत्राची. त्याच्यापुढं मी उभा राहणार, ते राहिलं."

स्वरांत तक्रार नव्हती. असती तर मला बरें वाटलें असतें.

दुसऱ्या खेपेस मी मामांना बरोबर घेऊन गेलों. दुकानदारानें चहा पुढें केला. मामांनीं तो बाजूस ठेवला आणि आधीं दार उघडावयास सांगितलें. हत्यार न लावतां काय काय निघतें? सांडलेलें पाणी कोठें सांचतें? बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आंत धरला तर काढावयाचा कसा? बिघडलें तर माणूस कोठून येतो, किती दिवसांनीं? दुकानदार प्रत्येक उत्तर माझ्याकडे पाहून देई. मामा वाट्या स्वतः काढून, लावून, पुन्हां काढून पाहत होते. शेवटीं त्यांनीं बोट ठेवलें तें दोनच डब्यांच्या, १४ इंच रुंदीच्या, समोरून तांब्यानें पाणी ओततां येईल अशा साध्या यंत्रावर. एक डबा कमी म्हणजे एक मळसूत्र, एक वाटी, एक भिंगरी कमी; हा हिशेब माहितीपत्रकांत कोठें नव्हता. जुनें यंत्र निम्म्याहून कमी किंमतीस परत गेलें. तो तोटा मीं भरला, आणि टोमॅटोचें सार गमावल्याबद्दल तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांचे टोमणेहि सोसले.

परततांना रिक्षांत मीं मामांची क्षमा मागितली. त्यांनीं ऐकून न ऐकल्यासारखें केलें, आणि पावतीची नीट घडी करून माझ्या हातांत दिली.

आतां सकाळीं पहिली घंटा होण्यापूर्वीं ते यंत्र सुरू करतात. पहिला पेला नुसत्या गरम पाण्याचा काढून मोरींत ओततात. दुसरा भरून स्वतः चाखतात. तिसरा माझा.