लोकरीचा ससा आणि आमची खोटी ठरलेली कबुली

मुलांनो, मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही कुठं जाता? मामाच्या गावाला, आजीकडे, नाहीतर फार तर महाबळेश्वरला. मी एकदा थेट हिमाचल प्रदेशात गेले होते. आणि तेसुद्धा एका सशासाठी!

हसू नका. त्यामागं एक गोष्ट आहे, ती आधी सांगते. गोष्ट थोडी वाईट वाटणारी आहे, पण सांगायलाच हवी. कारण त्यातली चूक माझी होती.

माझी शाळा माणदेशात. आमच्याकडे पाऊस कमी, माळरान जास्त आणि ऊन तर विचारूच नका. एका वर्षी माझ्या चौथीच्या वर्गानं खाऊचे पैसे साठवून बाजारातून एक पांढरा ससा आणला. कोवळा पाला, गाजराची देठं, मेथीच्या काड्या असं कोण काय काय घेऊन यायचं! एरवी शाळा बुडवणारी पोरंही सशासाठी वेळेवर यायला लागली. त्याचा पिंजरा मी ठेवला होता व्हरांड्यात. वर पत्रा. थंडीत काही वाटलं नाही. पण एप्रिलमध्ये एका शनिवारी सकाळची शाळा सुटली, आम्ही पाणी ठेवलं, पाला ठेवला आणि घरी गेलो. सोमवारी येऊन बघतो, तर ससा निपचित पडलेला. पाणी तसंच, पालाही तसाच.

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः लांब कानांतून बाहेर टाकतो. पण भोवतालची हवाच भट्टीसारखी तापली, तर कान तरी काय करणार? हे मला नंतर कळलं. आधी माहीत असायला हवं होतं.

मुलं खूप रडली. पुढं त्यांनी एका पुस्तकात लोकरीच्या सशाचं चित्र पाहिलं आणि माझ्यामागं टुमणं लावलं, "बाई, आपण हा ससा आणू! ह्याची काळजी आपण नीट घेऊ." मीही बोलून गेले, "सुट्टीत तिकडं जाणार आहे. जमलं तर आणीन."

तर अशी कबुली देऊन मी, माझे यजमान आणि आमची तिसरीतली लेक असे तिघं निघालो. चंदीगडपर्यंत रेल्वे, तिथून पुढं रात्रभर बस. पहाटे मंडी मागं पडलं. रस्ता बियास नदीच्या काठानं चाललेला. संस्कृतात तिचं नाव विपाशा. औटजवळ सुमारे तीन किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. लेकीनं त्यात शिरल्यावर श्वास रोखून धरायचं ठरवलं आणि विसाव्या सेकंदाला सोडला! बोगद्यातून बाहेर पडलं की कुलूचं खोरं सुरू होतं. भुंतरला पार्वती नदी बियासला येऊन मिळते. तिथं आम्ही उतरलो, नदी ओलांडली आणि छोट्या बसनं गडसा खोऱ्यात शिरलो.

काय सांगू तुम्हांला! डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी शेतं, सफरचंदाच्या बागा, वरच्या अंगाला देवदाराची उंच झाडं. घरं दगड आणि लाकूड एकावर एक रचून बांधलेली. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. तिची स्थापना १९६२ सालची. तिचंच एक केंद्र इथं गडशाला आहे, आणि तिथं अँगोरा सशांवर काम चालतं. आम्हांला मात्र शेतकऱ्याच्या घरचे ससे बघायचे होते. ओळखीतून ओळख काढत एका घरी पोचलो. घरात आजी, तिची सून आणि दोन नाती. आजीला सगळे 'अम्मा' म्हणत, म्हणून आम्हीही अम्माच म्हणू लागलो.

घरामागं सशांची खोली. भिंती जाड दगडी, उत्तरेला खिडकी, वर झाडाची सावली. आत तारेच्या जाळीचे पिंजरे जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर ठेवलेले. जाळीतून लेंड्या खाली पडतात, त्यामुळं सशाची लोकर मळत नाही. आणि लेंड्या वाया जात नाहीत बरं! त्यांचं खत सफरचंदाच्या झाडांना.

आणि ससे? मला आधी ससे दिसलेच नाहीत. दिसले ते कापसाचे बारा गोळे! त्यातल्या एकाला नाक होतं, ते थरथरत होतं. लेक ओरडली, "आई, ह्याचे डोळे कुठायत?"

हे जर्मन अँगोरा जातीचे ससे. अँगोरा हे नाव तुर्कस्तानातल्या अंकारा शहरावरून आलं. अंकाराला पूर्वी अंगोरा म्हणत. तिथल्या नावाची एक बकरीही आहे, अँगोरा बकरी. पण गंमत अशी, की त्या बकरीच्या केसांना म्हणतात मोहेर, आणि अँगोरा लोकर मिळते ती सशापासून. कुणाला कोडं घालायचं असेल तर हे चांगलं आहे!

आमच्या नशिबानं त्या दिवशी एका सशाची लोकर कापायची होती. सुनेनं त्याला मांडीवर घेतलं. आधी विंचरलं. मग पाठीवर मधोमध भांग पाडला, अगदी तुमच्या डोक्यावर पाडतात तसा. आणि कात्रीनं हळूहळू कापायला लागली. सशाची कातडी फार पातळ असते. केस ओढून धरले तर कातडीही वर येते आणि कात्री लागते. म्हणून ती केस ओढत नव्हती, दुसऱ्या हातानं कातडी सपाट धरत होती. पोटापाशी तर हात आणखी सावकाश. ससा तोंड हलवत बसून राहिला. अर्ध्यापाऊण तासानं कापसाच्या गोळ्यातून एक किडकिडीत प्राणी बाहेर आला. लेक म्हणाली, "हा तर आपल्या शाळेतल्यासारखाच ससा!" माझ्या मनात चर्र झालं.

मोठ्या नातीनं लोकर तागडीत टाकली. दीडशे ग्रॅम भरली. दर अडीच-तीन महिन्यांनी, म्हणजे वर्षातून साधारण चार वेळा लोकर कापतात. प्रत्येक वेळी इतकीच मिळते असं धरलं, तर एका सशाची वर्षाची लोकर किती? आणि बारा सशांची? करा बरं तोंडी हिशोब. सहाशे ग्रॅम आणि सात किलो दोनशे ग्रॅम! एवढ्याशा जिवांकडून ही काही थोडी नव्हे.

आता ही लोकर एवढी ऊबदार का? मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अँगोरा लोकरीचा केस साधारण १२-१३ मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. शिवाय या सशाच्या केसाच्या आत हवेचे बारीक बारीक कप्पे असतात. कोंडलेली हवा उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाही. दोन पातळ गोधड्या एका जाड गोधडीपेक्षा जास्त ऊब देतात, त्याचं कारणही मधे कोंडलेली हवाच. आपल्या धनगरांची घोंगडी दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीची. ती पाऊस सोसते, काट्याकुट्यांतून जाते. अँगोराचं काम निराळं. ती हलकी, मऊ आणि ऊबदार. पण ती गुळगुळीत असल्यामुळं नुसतीचं सूत कातणं अवघड. म्हणून पुष्कळदा तिच्यात मेंढीची लोकर मिसळतात.

अम्मा अंगणात उन्हाला बसून टकळीवर सूत काढत होती. धाकटी नात विणायला शिकत होती. दोन सुया, एक सुलटा टाका, एक उलटा. मधेच टाका निसटला की अम्मा काही न बोलता तिच्या हातातून सुया घ्यायची, दोन ओळी उसवायची आणि परत द्यायची. "रागवत नाही का?" मी विचारलं. अम्मा हिंदीत म्हणाली, "रागावून टाके परत येतात होय?" मी गप्प बसले. वर्गात मला हे आठवायला हवं, असं मनाशी म्हटलं.

हे काम म्हणजे नुसती गंमत नाही. दोन्ही नाती शाळेत जाण्याआधी गवत कापून आणतात. ओलं गवत सशाला द्यायचं नाही, पोट फुगतं. त्याला सुकवलेलं गवत रोज हवंच. ससा मांजरासारखा अंग चाटतो आणि लोकर पोटात जाते. मांजर ती ओकून टाकतं, सशाला ओकता येत नाही. पोटात गोळा साचला तर ससा खाणं सोडतो आणि मरतोसुद्धा. सुक्या गवतानं पोट साफ राहतं. शिवाय सशाचे दात जन्मभर वाढत असतात, ते गवत चावून झिजतात. कापणीनंतर वाऱ्यापासून जपायचं, थंडीत जास्तच. सून हसून म्हणाली, "रविवारची सुट्टी तुमच्या शाळेला. सशांना नाही."

एका पेटीत चार दिवसांची पिल्लं होती. गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली. त्यांची गादी कसली? आईच्या लोकरीची! सशीण महिनाभरानं वितेते, तेव्हा स्वतःच्या पोटावरचे सैल झालेले केस काढून घरटं मऊ करते.

ती स्वतः काढते ते निराळं, आणि माणसानं ओरबाडणं निराळं. २०१३ साली चीनमधली काही दृश्यं जगभर दाखवली गेली. तिथं जिवंत सशांची लोकर हातानं उपटत होते आणि ससे किंचाळत होते. ते बघून अनेक मोठ्या कंपन्यांनी अँगोराचे कपडे विकणं थांबवलं. म्हणून कुठलीही मऊ वस्तू हातात घेतली, की ती आली कशी, हे विचारायला शिका. विचारायला पैसे पडत नाहीत.

निघायच्या आधी मी धीर करून विचारलं, "अम्मा, एक पिल्लू विकत द्याल? माझ्या शाळेतल्या मुलांसाठी."

"तुमच्याकडे गरमी किती?"

"उन्हाळ्यात चाळीसच्या वर जाते," मी म्हणाले.

अम्मानं मान हलवली. इथं दुपारी ऊन चटकलं तरी त्या खिडक्यांना ओली गोणपाटं बांधतात. तिशीच्या पुढं पारा गेला की ससे धापा टाकतात. "ले जाओगी तो मर जाएगा, मास्टरनीजी," ती म्हणाली. "पैसे मला मिळतील. पण पाप कुणाचं?"

मला आमचा पत्र्याचा व्हरांडा आठवला. मी तिला सगळी हकिगत सांगितली. ती काही बोलली नाही. आत गेली आणि पुडीत मूठभर लोकर घेऊन आली. "हे मुलांना द्या," म्हणाली. पैसे घेतले नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडली. पोरं माझ्या पिशवीकडे बघत होती. मी म्हटलं, "ससा आणला नाही. माझी कबुली खोटी ठरली." सगळ्यांचे चेहरे उतरले. मग सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. पुडी उघडली आणि प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर लोकर ठेवली.

आमच्या सशासाठी सगळ्यांत जास्त रडलेली एक मुलगी आहे. तिनं मूठ मिटली. थोडा वेळ तशीच बसली.

"बाई, मूठ गरम व्हायला लागली," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "एवढीशी लोकर, तरी एवढं गरम. आपल्याकडे त्या सशाला केवढं उकडलं असतं, नाही?"

बाकीच्यांनीही आपापल्या मुठी मिटून बघितल्या. त्यानंतर ससा आणायचं टुमणं कुणी लावलं नाही.