देवी, गोवर, कांजिण्या

आमच्या घरातल्या भावंडांची वयं दंडावरून ओळखता येतात. थोरल्यांच्या दंडावर देवी काढल्याचे मोठे, गोल व्रण आहेत. धाकट्यांना बीसीजीची बारीकशी खूण तेवढी. १९७५च्या मे महिन्यात देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि ती लस पुढे थांबली.

गोवर आणि कांजिण्या मात्र आम्हा सगळ्यांना येऊन गेल्या. ताप चढला, डोळे लाल झाले की आजी आधी कानामागे बघायची. गोवराचं पुरळ तिथूनच सुरू होऊन चेहऱ्यावर आणि मग पायांपर्यंत उतरतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पोटापाठीवर पाण्याचे फोड, काही ताजे, काही खपली धरलेले, म्हणजे कांजिण्या. मग दाराला कडुलिंबाची डहाळी, घरात फोडणी बंद, अंथरुणाशेजारी कुणीतरी रात्रभर जागं. ‘खपली काढू नकोस, खड्डा पडेल’ हे वाक्य आम्हा सगळ्यांच्या कानात अजून आहे.

त्या जागरणांत माया फार होती. पण गोवर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून पसरतो. दाराला डहाळी लागेपर्यंत पुढच्या भावंडाला लागण झालेलीच असे. शिवाय ‘गोवर पूर्ण बाहेर पडू द्या, सुई टोचू नका’ असं म्हणत डॉक्टरांकडे जाणं लांबायचं. आत्याचा धाकटा गोवरानंतरच्या न्यूमोनियात गेला. घरातल्या बायका त्याच्याविषयी आजही हलक्या आवाजात बोलतात. त्याच्या वेळी आमच्या गावात गोवराची लस आलेली नव्हती.

१९८५मध्ये सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं, त्यात ही लस होती. आमच्या मुलांनी गोवर जवळपास पाहिलाच नाही, आणि म्हणूनच त्याची धास्तीही उरली नाही. २०२२मध्ये मुंबईत गोवंडी भागात साथ पसरली, मुलं दगावली. लस चुकलेल्या मुलाला गोवर आजही तसाच गाठतो.

आता आजी-आजोबा झालेल्या आपल्या पिढीला एवढंच सांगणं आहे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. टोचल्यावर आठ-दहा दिवसांनी थोडा ताप, बारीक पुरळ आलं तर घाबरून पुढचा डोस टाळू नका. नातवंडांची कार्डं आजच काढून बघा. डोस राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो.