वैशाखातली विहीर

"खेड्यात जायचंय? तुला? अरे, तुझ्या बाबांनी गाव सोडलं ते शिंगं मोडून बोरीबंदरला उतरले. आणि तू आता पैसे मोजून उलटा जाणार?"

ही आमच्या आईची पहिली प्रतिक्रिया. साल २०२२, ऑक्टोबर महिना, स्थळ एडिसन, न्यू जर्सी. ती नुकतीच सहा महिन्यांसाठी आली होती, अजून बॅगासुद्धा उघडल्या नव्हत्या. बायकोने चहा ओतता ओतता "आई, तुम्हीच समजवा याला" असं म्हणून माझी बाजू तिथेच संपवली.

आता थोडी पार्श्वभूमी. एडिसनमध्ये आमची अठरा वर्षं झाली होती. ओक ट्री रोड हाकेच्या अंतरावर, म्हणजे वडापाव, कढीपत्ता, गणपतीची मूर्ती, सगळं हाताशी. माझं ऑफिस २०२० मध्ये घरी आलं ते परत गेलंच नाही. आणि २०२१ मध्ये एका सकाळी जिना चढताना छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. वय वर्षे सेहेचाळीस. डॉक्टर म्हणाले, चाला, झोपा, दगदग कमी करा. पहिली दोन वाक्यं मी ऐकली. तिसऱ्यावर विचार करता करता माझ्या डोक्यात खेडं आलं.

पण कुठलं? अमेरिकेत 'खेड्यात राहायला जातो' म्हणणं म्हणजे 'जेवायला काहीतरी करते' म्हणण्यासारखं आहे. न्यूयॉर्क राज्यातला फिंगर लेक्सचा भाग पाहिला, सुंदर आहे, पण मनात बसला नाही. मेन फार लांब पडलं. शेवटी गाडी थांबली ती कनेक्टिकट नदीच्या काठी. नदीच्या पश्चिमेला व्हर्मॉन्ट, पूर्वेला न्यू हॅम्पशायर, आणि मधल्या पट्ट्यात न्यू हॅम्पशायरच्या लेबनॉन गावात एक मोठं इस्पितळ. स्टेंटवाल्या माणसाने हिरवळ बघावी, पण इस्पितळाचा पत्ता खिशात ठेवून.

गंमत म्हणजे या दोन राज्यांची हद्द नदीच्या मधोमध नाही. १९३३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हद्द व्हर्मॉन्टच्या बाजूला, ओहोटलेल्या पाण्याच्या रेषेवर आहे. म्हणजे नदी जवळजवळ सगळी न्यू हॅम्पशायरची. व्हर्मॉन्टवाल्याने पाण्यात पाय बुडवले की तो परराज्यात!

इंजिनिअर माणूस, म्हणून एक्सेल उघडलं. चौदा रकाने, प्रत्येकाला वजन. न्यू हॅम्पशायरमध्ये पगारावर राज्याचा कर नाही, विक्रीकर नाही. (व्याज आणि लाभांशावर एक कर होता, तोही २०२५ पासून गेला.) त्याची भरपाई घरपट्टीत होते, ती देशातल्या चढ्या घरपट्ट्यांपैकी एक. व्हर्मॉन्टमध्ये पगारावर कर आहे, सहा टक्के विक्रीकर आहे आणि घरपट्टीही काही स्वस्त नाही. पण रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या पाट्यांवर १९६८ पासून बंदी आहे, त्यामुळे गाडी चालवताना खरोखर डोंगर दिसतात, दात पांढरे करणारा वकील दिसत नाही. शिवाय पूर्व-मध्य व्हर्मॉन्टच्या काही गावांनी २००८ साली आपापल्या ग्रामसभांत ठराव करून स्वतःचं फायबर इंटरनेट उभारायला घेतलं होतं, ते आता जंगलातल्या घरांपर्यंत पोचलंय. माझी नोकरी त्या तारेवर लटकलेली, म्हणून या रकान्याला वजन जास्त. तरी बेरीज केली की न्यू हॅम्पशायर जिंकायचं. कर म्हणजे शेवटी कर.

बायकोने तो तक्ता पाहिला आणि काही न बोलता पंधरावा रकाना जोडला. मथळा लिहिला, 'रात्री दोन वाजता'.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे तुझ्या छातीत परत दुखलं, तर कोण येणार आणि किती वेळात? ते भर."

मी नकाशावरून इस्पितळापर्यंतची मिनिटं भरली. माझ्या मते प्रश्न सुटला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिघं जाऊन तीन घरं पाहून आलो. पहिलं व्हर्मॉन्टमध्ये, ओढ्याच्या काठी. मुख्य रस्ता सोडून दोन मैल कच्च्या रस्त्याने आत. लाल मेपल, पिवळे बर्च, घरात बसल्या बसल्या पाण्याचा आवाज. मी तर तिथेच हरलो. दुसरं न्यू हॅम्पशायरमध्ये टेकडीवर, पाच घरांचा मिळून एक खाजगी रस्ता. तिसरं परत व्हर्मॉन्टमध्ये, डांबरी रस्त्याला लागून, प्लॅस्टिकच्या पट्ट्या मारलेलं, करड्या रंगाचं, खिडकीतून समोर काय दिसतं तर ट्रकदुरुस्तीचं दुकान. ते आम्ही दलालाचं मन राखायला पाहिलं.

परतताना मी ओढ्याकाठच्या घराचं कौतुक करत होतो. आई मागच्या सीटवर गप्प होती. मग म्हणाली, "माझं लग्न ठरलं तेव्हा आमचे अण्णा दोनदा गेले होते तुझ्या बाबांच्या गावाला. एकदा श्रावणात. सगळं हिरवंगार, विहीर काठोकाठ. घरी येऊन म्हणाले, काही कळलं नाही. मग वैशाखात परत गेले. पोहरा किती खोल जातो ते स्वतः बघून आले आणि मग हो म्हणाले."

जरा थांबून म्हणाली, "तू आत्ता श्रावण बघतोयस."

राजापूर तालुक्यातल्या माणसाने सत्तरच्या दशकात लावलेली ही कसोटी माझ्या पंधरा रकान्यांत कुठेच नव्हती.

मग शोधलं, इथला वैशाख कधी असतो? मला वाटलं होतं जानेवारी. स्थानिक लोक हसले. जानेवारीत जमीन दगडासारखी असते, नांगर फिरवून बर्फ बाजूला करतात, गाड्या चालतात. खरा वैशाख मार्चअखेर ते एप्रिल. त्याला इथे चिखलाचा ऋतूच म्हणतात. हिवाळ्यात जमीन काही फूट खोल गोठते. वसंतात वरचा थर आधी वितळतो, खालचा गोठलेलाच असतो, त्यामुळे पाण्याला खाली जायला वाट नसते. रस्त्याचा शिरा होतो. आणि व्हर्मॉन्टमधले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे! त्या दिवसांत गावं अशा रस्त्यांवर जड गाड्यांना बंदी घालतात. म्हणजे घर तापवायच्या तेलाचा ट्रकसुद्धा येत नाही, टाकी आधीच भरून ठेवायची.

एप्रिल २०२३ च्या पहिल्या आठवड्यात, आईच्या परतीच्या विमानाआधी, आम्ही पुन्हा गेलो. ओढ्याकाठच्या घराच्या रस्त्यावर पाऊण मैल गेलो असू, गाडी पोटापर्यंत रुतली. चारही चाकं फिरत होती, गाडी जागच्या जागी. फोनला रेंज नाही. बायको माझ्याकडे बघत होती, मी घड्याळाकडे. तक्त्यात या घरासमोर मी इस्पितळापर्यंत 'बावीस मिनिटं' लिहिली होती. तासभर तर आम्ही तिथेच होतो.

शेवटी एक आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले. साखळी बांधली, ओढलं, आणि 'कशाला आलात' असं एका शब्दानेही विचारलं नाही. उलट सगळ्यांना घेऊन गेले त्यांच्या गुऱ्हाळावर. हो, गुऱ्हाळच! रात्री गोठण आणि दिवसा वितळण असली की मेपलच्या झाडातून रस झिरपतो. तो आटवत बसायचा, साधारण चाळीस गॅलन रसाचा एक गॅलन पाक. चुलाणाची धग, वाफेने भरलेली खोप, गोड वास. आईने चमचाभर चाखला आणि म्हणाली, "काकवी आहे. जरा पातळ केलीय." बाहेर भिंतीला छपरापर्यंत रचलेली लाकडं पाहून तर ती एकदम खुलली. "बघ, यांचीसुद्धा आगोट असते. आपण पावसाआधी भरतो, हे बर्फाआधी." आजोबांना इंग्रजीत 'आगोट' समजावून सांगताना माझी दमछाक झाली.

दुसऱ्या दिवशी न्यू हॅम्पशायरचं घर. चिखल कमी होता, पण खाजगी रस्त्याच्या तोंडाशी दोन शेजारी भांडत होते. बर्फ काढायचा खर्च कोणी किती द्यायचा यावरून प्रकरण वकिलांपर्यंत गेलेलं. आपल्याकडे बांधावरून होतं, तेच. मला किपलिंग आठवला. आमच्या मुंबईत १८६५ साली जन्मलेला हा माणूस १८९२ मध्ये व्हर्मॉन्टला आला, इथून तासाभरावर, डमरस्टनला घर बांधलं, त्याला 'नौलखा' नाव दिलं. 'जंगल बुक' त्याने या बर्फात बसून लिहिलं. जागा त्याला प्रचंड आवडली होती. पण जवळच राहणाऱ्या मेव्हण्याशी भांडण झालं, कोर्टापर्यंत गेलं, आणि १८९६ मध्ये तो गाशा गुंडाळून निघून गेला. नौलखा अजून उभं आहे.

उरलं तिसरं, करडं घर. रस्ता कोरडा. विहिरीचं पाणी तपासून घेतलं होतं (या भागातल्या खडकात आर्सेनिक असू शकतं, म्हणून तपासायचंच), ते ठीक निघालं. विहीर म्हणजे आपली बोअरवेल. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पाणी बंद, त्यासाठी जनरेटर होता. समोरच्या ट्रकवाल्याने नमस्कार केल्यासारखा हात वर केला. आई म्हणाली, "हे घर दिसायला वाईट आहे. म्हणजे काही लपवत नाहीये."

जूनमध्ये आम्ही राहायला आलो. महिनाही झाला नव्हता, १० आणि ११ जुलैला व्हर्मॉन्टवर असा पाऊस कोसळला की राजधानी मॉन्टपेलियरचा बाजार पाण्याखाली गेला. आमच्या घराला काही झालं नाही. ओढ्याकाठचं घरही तसं वाचलं, पण तिकडचा रस्ता दोन ठिकाणी वाहून गेला. ओढ्याने आपली जुनी वाट परत घेतली. ट्रॅक्टरवाले आजोबा पलीकडे अडकले होते. रस्ता तात्पुरता जोडल्यावर आम्ही गेलो. मला फावडं उचलायला बायकोची बंदी, म्हणून मोठं पातेलंभर खिचडी केली आणि चिखल उपसणाऱ्यांना वाढली. एकाने विचारलं, ही कशाबरोबर खातात? मी म्हटलं, भुकेबरोबर.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. एडिसनला आमच्या मुलाचे सगळे मित्र राहिले. इथे नवीन शाळेत तो पहिलं वर्ष जेवायला एकटा बसायचा, हे त्याने मला दुसऱ्या वर्षी सांगितलं. तो रकानाही माझ्या तक्त्यात नव्हता. डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो तेव्हा बायको खिडकीशी उभी राहते आणि ट्रकच्या दुकानाचा दिवा लागेपर्यंत हलत नाही. मी ते बघतो आणि काही बोलत नाही.

आणि मग जानेवारी २०२४. रात्री दोन नव्हे, पावणेतीन वाजता माझ्या छातीत दुखायला लागलं. बायकोने ९११ फिरवला. दहा-बारा मिनिटांत दारात गाडी थांबली, आणि आत आली ती ट्रॅक्टरवाल्या आजोबांची सून. दिवसा ती शाळेत नोकरी करते, रात्री गावच्या रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक. मला नावाने हाक मारली, तारा चिकटवल्या, आणि इस्पितळात पोचेपर्यंत शेतावरच्या बकऱ्यांच्या गोष्टी सांगत राहिली. निदान झालं ॲसिडिटी. आदल्या रात्रीची मिसळ.

सकाळी परत येताना मी जरा फुशारकीने म्हटलं, "तुझा पंधरावा रकाना भरला बघ."

बायको गाडी चालवत होती. म्हणाली, "ही जानेवारी होती. जमीन दगडासारखी. तिचं घर कुठे आहे, आठवतंय ना? आपला रस्ता डांबरी आहे रे. तिचा नाही."

मी इतका हिशोब केला होता तो आमच्या दारापासून इस्पितळापर्यंतचा. जी माणसं आमच्याकडे येणार, त्यांच्या दारासमोर काय आहे हे मी बघितलंच नव्हतं.

व्हर्मॉन्टमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी ग्रामसभा असते. त्या वर्षी मी पहिल्यांदा गेलो. शाळेच्या हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या, मागे कॉफी आणि पाय. चाळीस मिनिटं चर्चा चालली ती एका विषयावर, आत जाणाऱ्या त्या कच्च्या रस्त्यावर जास्तीची खडी टाकायची की नाही. टाकली तर सगळ्यांची घरपट्टी वाढणार, फायदा मोजक्या घरांना. दोन वर्षांपूर्वी मी एक्सेलमध्ये डॉलर-डॉलर वाचवत होतो तोच कर.

मी नवीन, बोललो काही नाही. हात वर केला. बाजूला बघितलं तर बायकोचा आधीच वर होता.

खडी मंजूर झाली. रात्री आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस. पण मला एप्रिलमध्ये परत फोन कर."